विजेचा शेक : एका उपचाराचा इतिहास, सातपुड्याच्या पायथ्यावरून

तापीकाठच्या काळ्या, कसदार जमिनीचा पट्टा संपून सातपुड्याचा मुरमाड उतार जेथे सुरू होतो तेथे, शहाद्याहून तोरणमाळकडे जाणाऱ्या वाटेवर, म्हसावद हे गाव वसले आहे. १८१८ साली खानदेशावर इंग्रजांचा अंमल बसला, १९०६ साली त्या विस्तीर्ण जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पडले, पुढे पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातूनही नंदुरबार वेगळा निघाला; कचेऱ्या बदलल्या, दप्तरे एका गावाहून दुसऱ्या गावी गेली, परंतु गावापासून मोठ्या इस्पितळापर्यंतचे अंतर काही त्या प्रमाणात घटले नाही. गुजर शेतकरी, भिल्ल आणि पावरा अशी या भागातील वस्ती. खाली ऊस, केळी, पपई आणि कापूस, वर डोंगरात आंबा, चिंच, चारोळी आणि मोह. आमचुरासाठी कैरी उतरविणारा, चिंच झोडपणारा, घराची कौले शाकारणारा, विहिरीच्या काठावर उभा राहून गाळ ओढणारा किंवा घाटातल्या भरलेल्या जीपच्या टपावर बसून बाजाराला जाणारा जो कोणी आहे, त्याच्या आयुष्यात एका निसटत्या क्षणाचे भय कायम वस्तीला असते. आपल्या देशात पाठीचा कणा मोडून मज्जारज्जूस इजा होण्याची दोन मुख्य कारणे सांगितली जातात, ती म्हणजे उंचावरून पडणे आणि रस्त्यावरचा अपघात. या मुलुखात ही दोन्ही कारणे रोजच्या पोटापाण्याच्या उद्योगातच मिसळलेली आहेत.

असा मनुष्य पडला म्हणजे पूर्वी काय होत असे, हे सांगण्यास फार संशोधनाची गरज नाही, कारण डोंगरातल्या पाड्यांवर ते आजही पुरते थांबलेले नाही. चौघे जण त्याला उचलीत, बांबूला बांधलेल्या झोळीत घालीत आणि वाकलेल्या स्थितीतच खाली आणीत. मोडलेला कणा झोळीत वाकला म्हणजे आतील रज्जूस उरलासुरला धोकाही पोचतो, ही गोष्ट त्यांस कोणी सांगितलेली नसे. मग हाडवैद्य येई, मोहाच्या बियांच्या तेलाची मालीश होई, आणि पायांत ऊब आणावी या सद्भावनेने तापलेल्या विटेचा शेक दिला जाई, ज्याची आच त्या बधिर कातडीस कळत नसल्यामुळे भाजल्याचा फोड दुसऱ्या दिवशी दिसे तेव्हाच उमगे. ‘कमरेखाली लुळा पडला’ एवढ्या तीन शब्दांत गावाने त्याचा निकाल लावलेला असे. पुढे कुशीखाली, माकडहाडावर, टाचांवर जखमा पडत, मूत्राशयात दोष शिरे, आणि काही महिन्यांत, क्वचित वर्षा-दोन वर्षांत, घरातले एक माणूस कमी होई.

या बाबतीत आपला डोंगरी मुलूखच तेवढा असहाय होता असे मात्र नाही. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० वर्षांच्या, एड्विन स्मिथ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिसरी पपायरसात, मानेचा मणका निसटून हातपाय निर्जीव झालेल्या रुग्णाचे लक्षण अचूक वर्णिले आहे आणि त्यापुढे हा उपचार न करण्याजोगा आजार होय असा निर्णय नोंदविला आहे. तो निर्णय जवळजवळ साडेतीन हजार वर्षे टिकला. पहिल्या महायुद्धात कणा मोडलेल्या शिपायांपैकी बहुतेक जण थोड्याच अवधीत दगावले. आणि जगातील थोर थोर शल्यविशारदही अशा रुग्णास कोपऱ्यातल्या खाटेवर ठेवून त्याच्या मरणाची वाट पाहत.

वीज ही औषध होऊ शकेल ही कल्पना मात्र यंत्रयुगाच्या पुष्कळ आधीची आहे. रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने पहिल्या शतकात डोकेदुखी आणि गाऊट यांवर झटका देणाऱ्या टॉर्पेडो माशाचा स्पर्श सुचविला होता. १७४५-४६ च्या सुमारास लायडन बरणीचा शोध लागून वीज साठविणे शक्य झाले, तेव्हा युरोपात तिचे झटके पक्षाघातावर देण्याची साथच आली. जिनिव्हाच्या जालाबेर यांनी एका कुलूपकाराच्या लुळ्या हातावर प्रयोग करून त्याचे स्नायू आकुंचन पावत असल्याचे नमूद केले, आणि अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांजकडे पक्षाघाताचे रुग्ण लांबलांबून येऊ लागले. फ्रँकलिन यांचा प्रामाणिकपणा असा की, १७५७ साली लिहिलेल्या एका पत्रात, पहिल्या काही दिवसांत थोडी सुधारणा दिसते, पण ती टिकत नाही आणि कायमचा गुण आलेला आपण पाहिला नाही, असे त्यांनी स्पष्ट कळविले. येथपासूनच या उपचाराच्या इतिहासात दोन प्रतिज्ञा एकमेकींशी झगडताना दिसतात : पडलेल्यास उठवून चालविण्याची एक, आणि पडलेल्याचे मांस, कातडी व हाड शाबूत राखण्याची दुसरी. पहिलीने गाजावाजा मिळविला. काम केले ते बहुतांशी दुसरीने.

१७९१ साली गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले, १८०० साली व्होल्टा यांनी सततचा प्रवाह देणारी रास बनविली, आणि १८३१ साली फॅराडे यांनी प्रवर्तनाचा शोध लावला. या तीन टप्प्यांतून वैद्यांच्या हाती दोन प्रकारचे प्रवाह आले, ज्यांस पुढे गॅल्व्हॅनिक व फॅरेडिक अशी नावे पडली आणि जी फिजिओथेरपीच्या दालनातून अद्याप गेलेली नाहीत. फ्रान्सचे ड्युशेन यांनी ओल्या स्पंजाची टोके कातडीवर टेकवून एकेका स्नायूस स्वतंत्रपणे आकुंचित करण्याची पद्धत बसविली आणि १८५५ साली तीवर ग्रंथ लिहिला. पुढे जर्मनीत एर्ब यांनी दाखवून दिले की, ज्या स्नायूचा स्वतःचा चेतातंतू मेला आहे तो स्नायू फॅरेडिक प्रवाहाच्या क्षणार्धाच्या ठोक्यांना जुमानत नाही. त्यास प्रतिसाद देण्यास गॅल्व्हॅनिक प्रवाहाचा दीर्घ ठोकाच लागतो. वरवर शुष्क वाटणारा हा भेद प्रस्तुत विषयाचा गाभा आहे.

मेंदूकडून निघालेली आज्ञा मज्जारज्जूतून खाली येते, रज्जूतील दुसऱ्या पेशीस ती सोपविली जाते, आणि त्या पेशीपासून निघालेला तंतू ती स्नायूपर्यंत पोचवितो. छातीच्या पातळीवर कणा मोडला म्हणजे वरचा मार्ग तुटतो. परंतु जखमेच्या खालचा रज्जू आणि त्यातून मांडीकडे व पोटरीकडे जाणारे तंतू पुष्कळदा शाबूत असतात. खानदेशात फड बागाईत पाहिलेल्या वाचकास हे चटकन ध्यानात येईल : वरचा बंधारा फुटला, तरी शेतापर्यंतची चारी जशीच्या तशी असेल तर जवळच्या विहिरीचे पाणी त्याच चारीत सोडून पीक जगविता येते, मात्र पाण्याची पाळी ठरविणारा जो वरचा अधिकारी, त्याचा हुकूम त्यामुळे पुन्हा सुरू होत नाही. कातडीवर चिकटविलेल्या दोन पट्ट्यांतून, सेकंदास साधारण वीस ते पन्नास वेळा, सेकंदाच्या दशसहस्रांश दोन-तीन भाग टिकणारे ठोके दिले म्हणजे तंतू चेततो आणि मांडीचा स्नायू आवळतो. रुग्ण ते डोळ्यांनी पाहतो. त्यास ते जाणवत नाही, आणि आपल्या इच्छेने तो ते करू शकत नाही. याउलट कमरेच्या खालच्या भागातील मज्जातंतूंचा झुबकाच चिरडला असेल, तर चारीच नष्ट झालेली असते, आणि नेहमीचे यंत्र कितीही वाढविले तरी स्नायू निपचित राहतो.

महाराष्ट्रात ही विद्या शास्त्रशुद्ध रूपाने आली ती कण्याच्या रुग्णांसाठी नव्हे, पोलिओच्या मुलांसाठी. मुंबईत पोलिओची साथ फैलावल्यानंतर, १९५२-५३ च्या सुमारास, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण देणारी शाळा निघाली आणि या देशात त्या व्यवसायाचा पाया घातला गेला. १९५५ साली भारतीय फिजिओथेरपिस्टांची संघटना स्थापन झाली आणि त्याच साली संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने मुंबईत, हाजी अलीच्या परिसरात पुढे स्थिरावलेली, भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. यात एक विलक्षण योगायोग असा की, पोलिओ हा रोग विजेच्या हिशेबाने कण्याच्या इजेच्या नेमका उलट आहे. तो रज्जूतील त्या दुसऱ्या पेशीचाच घास घेतो, म्हणजे चारीच बुजवितो. ज्यांचे हात पोलिओच्या मुलांवर तयार झाले, त्यांस या प्रवाहाच्या मर्यादा आधी कळल्या आणि सामर्थ्य मागाहून. आणि कदाचित त्यामुळेच महाराष्ट्रातील त्या पहिल्या पिढीने यंत्रापेक्षा हाताच्या व्यायामावर, कुबड्यांवर, लोखंडी पट्ट्यांच्या बुटांवर आणि रुग्णाच्या आईला शिकविण्यावर अधिक भर दिला असावा.

दुसरा प्रवाह पुण्याकडून आला, आणि तो लष्कराचा होता. अपंग शिपायांस धंदेशिक्षण देण्यासाठी पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीस आली. १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र निघाले. आणि १९७४ साली खडकीस कमरेखाली अपंग झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र सुरू झाले. त्याच १९४४ साली, इंग्लंडमधील स्टोक मँडेविल येथे, नात्सींच्या जाचामुळे जर्मनी सोडून आलेल्या लुडविग गुटमन यांनी कण्याच्या रुग्णांचा कक्ष हाती घेतला आणि साडेतीन हजार वर्षांचा तो मिसरी निर्णय रद्दबातल ठरविला. त्यांचे शस्त्र अगदी साधे होते : दर दोन तासांनी, रात्रीही, रुग्णाची कूस बदलावयाची, मूत्राशयाची निगा स्वच्छतेने राखावयाची, आणि त्यास खाटेवरून उठवून काम व खेळ यांत गुंतवावयाचे. १९४८ साली त्यांनी भरविलेल्या धनुर्विद्येच्या सामन्यांतून पुढे पॅरालिंपिक स्पर्धा जन्मास आल्या.

या परंपरेतून आलेले मराठी नाव म्हणजे मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातील हा जवान, लष्करातला मुष्टियोद्धा, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंग झाला. उपचाराचा भाग म्हणून त्यास पाण्यात उतरविण्यात आले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्याने भारतास पॅरालिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०१८ साली त्यास पद्मश्री मिळाली. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनीही, ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर पायांचे बळ गमावल्यानंतर, १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली आणि ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनातून मराठी वाचकास त्या जगाची ओळख करून दिली. या दोघांपैकी कोणाचेही अपंगत्व गेले नाही. कोणाचेही आयुष्य त्यामुळे अपुरे राहिले असे म्हणण्याची छाती कोणास होणार नाही.

याच सुमारास जगात पहिल्या प्रतिज्ञेने पुन्हा डोके वर काढले होते. १९६० साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ॲड्रियन कँट्रोविट्झ यांनी, छातीपासून खाली निर्जीव झालेल्या एका रुग्णाच्या मांड्या व नितंब यांच्या स्नायूंना कातडीवरून वीज देऊन त्यास काही मिनिटे उभे केले. १९६१ साली लिबर्सन यांनी पक्षाघाताच्या रुग्णांच्या बुटाच्या टाचेत कळ बसवून, पाऊल उचलण्याच्या नेमक्या क्षणी पोटरीच्या बाजूच्या तंतूस ठोका देणारे यंत्र केले. त्यानंतर युगोस्लाव्हियातील ल्युब्ल्याना येथे क्राल्य व बाय्द यांनी वर्षानुवर्षे चिकाटीने चार मार्गांच्या यंत्रावर रुग्णांस उभे राहणे व पावले टाकणे शिकविले. १९८२ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात पेट्रॉफस्की यांच्या संगणकाने चालविलेल्या यंत्रावर एका विद्यार्थिनीने टाकलेली पावले वृत्तपत्रांनी जगभर नेली. आणि १९९४ साली अशा चालविणाऱ्या एका यंत्रास अमेरिकी सरकारची मंजुरीही मिळाली. एवढे होऊनही ही यंत्रे घरोघर का गेली नाहीत, याचे उत्तर शरीरातच आहे. आपण स्वेच्छेने चालतो तेव्हा दमास टिकणारे बारीक तंतू आधी आणि झटक्याचे, चटकन थकणारे जाड तंतू मागाहून कामास लागतात. बाहेरून दिलेल्या ठोक्यास हा क्रम ठाऊक नसतो, तो सर्वांस एकाच वेळी हाकतो आणि स्नायू थोड्याच वेळात गळून जातो. शिवाय अशा चालीस चाकाच्या खुर्चीहून कितीतरी अधिक शक्ती खर्ची पडते. चार खोल्यांच्या दवाखान्यातल्या सिमेंटच्या जमिनीवर जे जमते, ते मुरमाच्या चढावर किंवा शेताच्या बांधावर जमत नाही.

परंतु या अपयशातच दुसरी प्रतिज्ञा सिद्ध झाली. कणा मोडल्यावर पहिल्या काही महिन्यांतच मांड्यांचे मांस झपाट्याने उतरते, मांडीचे हाड इतके ठिसूळ होते की खुर्चीतून उतरतानाच्या साध्या हिसक्यानेही मोडावे, आणि ज्या कातडीखाली मांसाची गादीच उरली नाही तिच्यावर जखम पडावयास उशीर लागत नाही. नियमाने दिलेल्या विजेने स्नायूंची जाडी बऱ्याच अंशी परत येते, रक्ताभिसरण सुधारते, आणि वीज देऊन पायांकडून सायकल चालविली तर हृदयास व फुप्फुसांसही व्यायाम घडतो. २०१६ साली झुरिकमध्ये भरलेल्या सायबॅथलॉन या स्पर्धेत अशा सायकलींची शर्यतच झाली. ज्यांची इजा अपुरी आहे, म्हणजे ज्यांच्या पायाच्या अंगठ्यात किंवा मांडीत इच्छेने किंचितशी हालचाल उरली आहे, त्यांस स्वतःचा प्रयत्न आणि विजेचा ठोका एकाच क्षणी जोडून पुष्कळ मिळविता येते. याला काही अटी आहेत. हृदयास पेसमेकर असेल, हाड नुकते मोडले असेल किंवा कातडीवर जखम असेल तेथे वीज द्यावयाची नाही; आणि छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याहून वरच्या पातळीवर इजा असलेल्या माणसाचे डोके उपचार चालू असता अकस्मात ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर रक्तदाब धोक्याच्या पातळीवर चढत आहे असे समजून यंत्र तत्काळ बंद करावयाचे, त्यास बसते करावयाचे आणि मूत्राची नळी तुंबली आहे काय ते पाहावयाचे.

अलीकडे वीज कातडीवरून खुद्द रज्जूच्या आवरणावर पोचली आहे. २०११ साली अमेरिकेतील लुईव्हिल येथे, कण्यात सोळा टोकांची पट्टी बसविलेला एक तरुण आपल्या भाराने उभा राहिला; २०१८ साली लोझान आणि अमेरिका येथील निरनिराळ्या गटांनी काही रुग्ण आधाराने पावले टाकू लागल्याचे जाहीर केले; आणि २०२४ च्या अखेरीस, शस्त्रक्रियेविना मानेवरून वीज देऊन हातांचे बळ वाढविणाऱ्या एका यंत्रास अमेरिकेत परवानगी मिळाली. या वार्ता खऱ्या आहेत आणि आनंदाच्या आहेत. परंतु त्या मोजक्या माणसांच्या, महिनोन्महिन्यांच्या रोजच्या मेहनतीच्या आणि अफाट खर्चाच्या वार्ता आहेत. त्यांच्या जोरावर कोणी ‘करंटने चालवून दाखवितो’ असे सांगून शेत गहाण ठेवावयास लावू लागला, तर त्यास फ्रँकलिन यांचे ते जुने पत्र दाखवावे.

या सर्व इतिहासाचा हिशेब मांडला म्हणजे एक गोष्ट निर्विवाद ठरते. विजेने तुटलेला रज्जू कधी सांधला नाही. जेथे कूस बदलणारा हात होता, स्वच्छ नळी होती, खुर्ची होती, शिकविणारा माणूस होता आणि परत जावयास काही उद्योग होता, तेथे विजेने आपला मर्यादित वाटा चोख उचलला. जेथे हे काहीच नव्हते, तेथे सर्वांत महागडे यंत्रही धूळ खात पडले. धुळ्यास १९८९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, २०२० साली नंदुरबारासही ते मिळाले, आणि २०१६ च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्याने पुनर्वसन हा मेहरबानीचा विषय न ठेवता हक्काचा केला. तरीही शस्त्रक्रिया होऊन सुरत, धुळे किंवा मुंबईहून परतलेल्या रुग्णाचे खरे आयुष्य सुरू होते ते गावी, आणि आठवड्यातून अनेकदा घ्यावयाचा उपचार तो इतक्या दूर जाऊन घेऊ शकत नाही.

म्हणून ज्यांच्या हाती जिल्ह्याचा कारभार आहे त्यांस, आणि साखर कारखाने, पतपेढ्या व दानशूर मंडळे यांच्या कारभाऱ्यांसही, सुचवावेसे वाटते ते एवढेच : शहाद्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी आणि म्हसावदसारख्या डोंगराच्या तोंडावरच्या गावी कायम नेमणुकीचा एक फिजिओथेरपिस्ट असावा, पावरी व भिल्ली बोलणाऱ्या आशाताईंना कूस बदलणे, कातडी तपासणे आणि पडलेल्या माणसास फळीवर सरळ उचलणे शिकवावे, आणि मग काही हजार रुपयांत मिळणारे स्नायूंना वीज देणारे यंत्र घ्यावे. हा क्रम उलटा करू नये. यंत्राची खरेदी एका सहीने होते. माणसाची नेमणूक आणि त्याचा दरमहा पगार यांची तजवीज करावी लागते, आणि रुग्ण जगतो तो त्या तजविजीवर.